नवं होईपर्यंत

प्रिय बाई,

तुम्ही गेल्याचं वनिताने कळवलं. खोली दोनमधली वनिता, तुमच्या हातचे सगळ्यात जास्त धपाटे खाल्लेली. बातमी येऊन आठ दिवस झाले. मी रडले नाही. आज दुपारी मुलीच्या शाळेचा फॉर्म भरायला घेतला आणि एका रकान्यापाशी अडले, म्हणून हे पत्र.

शाळेचं दोन दिवसांचं शिबिर आहे. रकान्यात विचारलंय, मूल काय खात नाही? सिंगापुरात हे सगळीकडे विचारतात. कोणाला डुक्कर चालत नाही, कोणाला गाय, कोणाला कसलंच मांस. तीन वर्षं मी तिथे ‘काही नाही’ लिहीत आले.

तुमचा प्रश्न याहून लांब होता. आश्रमशाळेत नवी मुलगी आली की अधीक्षिका म्हणून तुम्ही आधी सरकारी फॉर्म भरायचात. नाव, जमात, गाव, अंगावरची खूण. मग तो बाजूला सारून स्वतःची वही उघडायचात. “घरी काय खात नाहीत? आणि कधीपर्यंत?”

त्यातलं ‘कधीपर्यंत’ माझ्यामुळे आलं. आठवतं का तुम्हाला?

मी तिसरीत होते. दिवाळीच्या सुट्टीला दोन आठवडे असतील. शाळेच्या शेतातलं हळवं भात निघालं होतं आणि मुख्याध्यापकांनी मोठ्या कौतुकाने त्याचा पहिला भात आमच्या ताटात वाढायला लावला. वासानेच कळलं, तांदूळ नवा आहे. घरी कणसरीला, म्हणजे धान्याच्या देवीला, आणि पितरांना दाखवल्याशिवाय आम्ही कोकणा जमातीचे लोक नवं तोंडाला लावत नाही. बाकीच्या मुलींच्या घरचं झालं होतं, किंवा सरांना त्या भ्याल्या. आमच्या घरचं झालं की नाही, मला ठाऊक नव्हतं. मी ताट सरकवलं.

सर म्हणाले, “भाताला नाही म्हणतेस? घरी काय रोज श्रीखंडपुरी असते वाटतं.”

तुम्ही मधे पडलात. तुम्ही नाशिकच्या. तुमच्या माहितीत ताट सरकवण्याचं एकच कारण होतं. “सर, पोरीचा उपास असेल.” आणि आपल्या खोलीत, स्टोव्हवर, मला साबुदाण्याची खिचडी करून दिलीत. शेंगदाणे घालून. असलं काही मी जन्मात खाल्लं नव्हतं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी खोली दोनमधल्या सगळ्या मुलींना उपास लागला.

“कसला गं उपास?” तुम्ही वनिताला धरलंत.

“हिचा आहे तोच, बाई.”

“आणि हिचा कसला?”

मग मला बोलावं लागलं. “माझा उपास नाही, बाई. घरचं नवं व्हायचंय.”

वाटलं, आता मार बसणार. तुम्ही खाली, माझ्यासमोर बसलात. “म्हणजे काय? सांग मला.” उत्तर ठाऊक नसताना मोठ्या माणसाने मला प्रश्न विचारावा, असं त्याआधी झालं नव्हतं.

संध्याकाळच्या एस.टी.च्या कंडक्टरजवळ तुम्ही निरोप दिलात. माझ्या बाला वाचता येत नव्हतं, म्हणून तोंडी. “विचारा, नवं झालं का.” सकाळच्या गाडीने उत्तर आलं. “परवा करतोय. मग खाऊ दे.” ते दोन दिवस तुम्ही मला मागल्या वर्षीच्या नागलीची भाकरी दिलीत, आणि सरांना सांगितलंत, पोरीचं पोट बिघडलंय.

त्या निरोपासाठी मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आज मानते.

एक तक्रारही आहे. जेवताना आम्ही आमच्या बोलीत बोललो की तुम्ही ताटावर चमचा वाजवायचात. “नीट बोला.” नवं सांभाळलंत, मग बोली का नाही? माझी मुलगी तिच्या मामाशी इंग्रजीत बोलते. त्यात तुमच्या चमच्याचा थोडा वाटा आहे. जास्त माझा.

सिंगापूरला निघताना भेटायला आले, तेव्हा तुम्ही विचारलंत, “तिकडे काय खाणार नाहीस?” मी हसले. “परदेशात राहून संशोधन करायचं तर सगळं खावं लागतं, बाई.” तुम्हीही हसलात. वही तुमच्या मांडीवर उघडी होती. ती तुम्ही मिटलीत, ते मी पाहिलं.

इथे मी सगळं खाल्लं. मराठी बायकांत कुलाचारांचा विषय निघाला की कॉलेजच्या वसतिगृहातल्या मैत्रिणींकडे पाहिलेले सांगायचे. माझे सांगायला जीभ वळायची नाही. नवरा पुण्याचा, इथल्या तुआस भागात नोकरीला. मी कोकणा आहे हे त्याला ठाऊक. त्यापुढचं त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मुलीला तर तेवढंही ठाऊक नव्हतं.

तुमची बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी हौगांगच्या दुकानात होतो. तांदळाच्या पिशवीवर लाल अक्षरं होती. न्यू क्रॉप. “आई, हे काय?” नीराने विचारलं. मी तिथेच, ट्रॉली धरून, सगळं सांगितलं. कणसरी, बा, तुमची खिचडी, कंडक्टर.

तिने पिशवी उचलून परत फळीवर ठेवली. “मामाचं झालं? कॅन ईट ऑर नॉट?”

“अजून नसेल झालं.”

“देन वेट, लाह.” इथले लोक वाक्याच्या शेवटी ‘लाह’ लावतात, तीही लावते.

दादाला फोन केला. तो म्हणाला, “तू लग्न होऊन गेलेली. तुला कशाला थांबायचं?” मग मी नीराचं सांगितलं तेव्हा, “पोर थांबते म्हणते? बरं. झालं की फोन करतो.”

नवऱ्याने विचारलं, “म्हणजे तुमचा उपास आहे का?” बाई, तुम्हीच समोर उभ्या राहिलात.

काल हॉकर सेंटरमध्ये, इथल्या खाऊगल्लीत, नीराने चिकन राइसवाल्या काकांना गाठलं. “अंकल, युअर राइस न्यू ऑर ओल्ड?”

“ओल्ड, लाह. न्यू वन टू स्टिकी.”

मग ती जेवली. आठ वर्षांची आहे. रांगेत मागे माणसं उभी होती, तिला काही वाटलं नाही. मला हे चाळिशीपर्यंत जमलं नाही.

रकान्यात आता मी लिहिलंय: नवा तांदूळ, मामाचा फोन येईपर्यंत. शिक्षिका विचारतील. सांगेन.

दादाला आणखी एक सांगितलं. पितरांचं वाढशील तेव्हा एक घास जास्त काढ.

“कोणाचा?”

“बाईंचा.”

दादाही तुमच्याच शाळेतला. तो म्हणाला, “त्या खातील का आपलं? कोंबडी शिजली की दार लावून घ्यायच्या.”

खरं आहे. तुम्ही वेगळं शिजवायचात, वेगळं जेवायचात. एकेकीला विचारून तुम्ही वही भरलीत. तुम्ही काय खात नाही, आणि कधीपर्यंत, हे आमच्यातल्या कोणीच तुम्हाला विचारलं नाही.

म्हणून मीच ठरवलंय. तुमचा घास वेगळ्या पानावर. नुसता भात, रस्सा लागू द्यायचा नाही. दादाने कबूल केलंय. दरवर्षी तो निघेल, आणि निघाल्याचा निरोप येईपर्यंत आम्ही इथे थांबू. नीराचे बाबाही थांबणार आहेत. ते याला अजून उपासच म्हणतात.

तुमची,
यशोदा
खोली दोन, खिडकीजवळची