कॉलरचं खरं काय झालं

ती. मामांना भाचीचा, मान खाली घालून, नमस्कार. (खाली का, ते पुढे येईलच.) तुमची कंबर कशी आहे? मशीनवर वाकून बसताना पाठीशी उशी घेता, की मामी बघेल तेवढ्यापुरतीच? इकडे मी बरी आहे आणि तुमची धाकटी लेक तर उत्तमच आहे. तिच्याचबद्दल लिहायचं आहे, म्हणजे खरं तर माझ्याबद्दल.

गेल्या पत्रात मी लिहिलं होतं की धाकटी गणितात सतरावरून बावन्नवर आली, हे माझ्या शिकवणीचं यश. त्यावर तुमचं दोन ओळींचं उत्तर आलं: ‘म्हणजे अक्कल तुझीच. तिचं डोकं त्यातलं नाही. सुट्टी लागली की घेऊन जातो, दुकानात एक मशीन रिकामं आहे.’ मामा, ते वाचून माझ्या हातातला चहा तसाच निवला. कारण मी लिहिलं ते खोटं होतं.

तुम्हाला माहीतच आहे, घरातली पहिली पदवीधर झाल्यापासून मला भाषणाची सवय लागली आहे. (आई म्हणते, पदवीच्या कागदासोबत तोंडही मोठं मिळालं.) धाकटी शाळेसाठी आमच्याकडे राहायला आली त्याच दिवशी मी कपाटाच्या दारावर पुठ्ठा लावला: ‘जमत नाही’ असं म्हणायचं नाही, ‘अजून जमत नाही’ असं म्हणायचं. जो चुकेल त्यानं आठवडाभर भांडी घासायची. धाकटीनं पुठ्ठा दोनदा वाचला आणि विचारलं, “ताई, कुणालाही काहीही जमतं?” मी म्हटलं, कुणालाही. “मग तू सहामाहीपर्यंत शर्टाची कॉलर शिवून दाखव.” शिंप्याची भाची मी, नाही कसं म्हणणार? पहिल्या कॉलरचं एक टोक आभाळाकडे, दुसरं जमिनीकडे. दुसरी शिवताना माझीच बाही तिच्यात शिवली गेली (कात्रीनं सुटका झाली). तिसरं कापड मी गुपचूप कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांना नेऊन दिलं आणि चक्क म्हणाले, “काका, माझा हातच त्यातला नाही हो.” पुठ्ठा घरी होता, एवढंच माझं नशीब.

निकालानंतरच्या पालकसभेत मी वीस मिनिटं बोलले. जिद्द, चिकाटी, मनाची तयारी! शेवटी ती कॉलर हात उंच करून दाखवली. टाळ्या पडल्या. धाकटी तिसऱ्या रांगेत होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, कॉलरकडे बघत होती. घरी आल्यावर तिनं ती उलटी केली, टोकावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, “हा कोपऱ्यावरच्या काकांचा हात आहे. ते टोकाला तीन टाके उलटे घालतात, बाबा दोन घालतात. भांडी तुझी.” बस्स, एवढंच. रागावली असती तर परवडलं असतं.

भांडी घासून झाल्यावर मी तिची कच्ची वही मागितली. मी सांगितलं होतं, गणित चुकलं की खोडून टाक आणि उमेदीनं नवं घे. तिनं एकही खोडलं नव्हतं. उत्तरापासून मागे मागे येत, एकेक पायरी तपासत, चूक सापडे तिथं खूण करून लिहिलं होतं: ‘इथपर्यंत उसवलं.’ आणि तिथून पुढे पुन्हा. पानंच्या पानं. विचारलं तर म्हणते, “बाबा म्हणतात ना, शिवण चुकली तर कापड फाडायचं नाही, चुकल्या टाक्यापर्यंत उसवायचं.” मामा, तिला गणित मी नाही शिकवलं. तुम्ही शिकवलंत, आणि कष्ट तिचे. आणि तुम्हीच म्हणता, डोकं त्यातलं नाही!

मामींना नमस्कार.

तुमची,
भाची (पदवीधर, पण अजून शहाणी नाही)

ता. क. तिला नेऊ नका. शाळेत राहू द्या.

ता. क. २. मशीन रिकामंच राहू नये असं वाटत असेल, तर सुट्टीत मी येते. उसवण्यापासून शिकवा.

ता. क. ३. सोबतची कॉलर माझी, चौथी. धाकटीनं तपासून शंभरपैकी सतरा गुण दिले आहेत. म्हणाली, “कॉपी केलेली नाही, म्हणून एवढे.”