डोळे मिटा आणि 'हो' म्हणा

३ नोव्हेंबर
शेंदूरजनाघाटला आले! दवाखाना छोटा, पण उजेडाचा. मागे संत्र्यांचा बगीचा. बाबांनी अकोल्याहून भाजीच्या गाडीतून माझी पेटी आणली. पाटीवरचं 'डॉ. वर्षाली' बोट फिरवून दोनदा वाचलं. आमच्या घरातली पहिली पदवी! त्यांना शुगर आहे, तळवे जळतात. तपासते म्हटलं तर घाईत होते, पंधरा तारखेला येतो म्हणाले. मी ठरवलंय, शुगरच्या प्रत्येक पेशंटचे पाय तपासायचे. तळवे बधिर झाले की काटा रुतलेला कळत नाही, आणि कळतो तेव्हा पाय कापायची वेळ आलेली असते.

४ नोव्हेंबर
लीलाबाई, बगीच्यात संत्री तोडतात. चालताना चप्पल गळून पडते आणि पत्ता लागत नाही म्हणाल्या. डोळे मिटायला सांगितले. नायलॉनचा धागा तळव्याला लागला की 'हो' म्हणायचं. दहा ठिकाणी टेकवला, एकदाही 'हो' नाही. धागा खाली ठेवला, तेव्हा म्हणाल्या, "हो. लय थंडे हात हायेत वं पोरी."
बिघडलेली नस खोटे निरोप पाठवते, हे शिकलेय. शुगरच्या गोळ्या बदलल्या, बी-ट्वेल्व्ह तपासायला लिहून दिलं. अनवाणी फिरू नका, रोज आरशात तळवे पाहा, असं बजावलं.

७ नोव्हेंबर
संत्र्यांचे व्यापारी चंद्रभान. तेही माझा हात लांब असताना 'हो' म्हणाले. घोटा दाखवला. थंड लागलं म्हणे.
नर्स तानुबाई वीस वर्षांपासून इथे आहेत. पुटपुटल्या, "तुमच्या आधीचे रामराव डॉक्टर कोनाले डोये मिटू देत नव्हते." का, विचारलं तर पट्ट्या आवरू लागल्या. मी हसले.

११ नोव्हेंबर
लीलाबाईंचा बधिरपणा गुडघ्यापर्यंत चढलाय. याला वर्षं लागतात. इथे आठवडाच झालाय. अमरावतीच्या तज्ज्ञांना चिठ्ठी दिली. "तुनं हात लावला तेवढंच मेलं," म्हणाल्या.
मी हात लावलाच नव्हता.

१२ नोव्हेंबर
भीती खोटी ठरवायला भर दुपारी खुर्चीत बसून स्वतःचे डोळे मिटले. धागा टेबलावरच होता. अंगठ्याला काहीतरी थंड—

१४ नोव्हेंबर
माझी शुगर नॉर्मल. बी-ट्वेल्व्हही. एक चप्पल रस्त्यात राहिली, तानुबाईंनी दाखवल्यावर कळलं.
आता कोणाचेही डोळे मिटायचे नाहीत. माझेही. पण पापणी लवतेच ना. दर वेळी बधिरपणा थोडा वर—

१५ नोव्हेंबर
गुडघे गेले. पुस्तकात आहे, गुडघ्यानंतर हाताची बोटं.
बाबांना फोन— बोटांनी नंबर दाबला जात नाही. ते निघाले असतील.
दारावर चिठ्ठी लावते. बाबा, आत येऊ नका, डोळे मिटू नका—
पेन तर टेबलाखाली पडलंय. दिसतंय मला. तरी कागदावर उमटतंच—
बाबा, या. बसा. डोळे मि