एकशे बारा आणि एकशे तेरा यांच्या मधलं पान

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो मनातल्या मनात घातला आहे, पण कपाळ नीट टेकवलं आहे असं समज.) तुझी तब्येत कशी आहे हे विचारायची रीत आहे म्हणून विचारते, उत्तर मला पाठ आहे: थोडी अ‍ॅसिडिटी, बाकी ठणठणीत. गेली सहा वर्षं तू हेच लिहितोस, आणि तुझं अक्षर इतकं एकसारखं की मला वाटतं एकदाच लिहून तू ते छापून घेतलं असावंस. बाबाही हेच म्हणायचे, याच शब्दांत. पोटाच्या कर्करोगाने गेले तेव्हा त्यांच्या उशाशी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांची बाटली अर्धी भरलेलीच होती. वहिनींना नमस्कार. आता हे पत्र लाल पेन बाजूला ठेवून वाच. माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढून पत्र परत पाठवायची तुझी मास्तरी सवय नोकरी संपली तरी गेलेली नाही, पण या वेळी मजकूर बघ, वेलांट्या नंतर.

तर झालं असं की गेल्या वर्षी एक डॉक्टरीणबाई आपल्या बाइंडिंगच्या दुकानात प्रबंध बांधायला घेऊन आल्या. बारीक चणीच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि हातात कागदांचे पाच गठ्ठे, पाच प्रतींचे. विषय म्हणे पोटाचा कर्करोग: का होतो, टाळता कसा येतो, झालाच तर काय करायचं. मी गठ्ठा हातात घेतला आणि वरचं नावाचं पान पालथं घातलं, हे कबूल करते. पण काम ते काम. आता तुला ठाऊक आहे, बाबांनी आपल्याला पानांचा क्रम कसा तपासायला शिकवला होता. पान पूर्ण वाचायचं नाही, वेळ जातो. पानाची शेवटची ओळ बघायची, पुढच्या पानाची पहिली ओळ बघायची, वाक्य जुळलं की पुढे. चाळीस वर्षांत मी असे शेकडो ग्रंथ वाचले आहेत, म्हणजे त्यांच्या कडा वाचल्या आहेत. कायद्यापासून मधमाश्यांपर्यंत मला सगळ्यातलं थोडं थोडं येतं, पण मधलं काहीच येत नाही.

हा प्रबंधही मी कडेकडेने वाचला. त्यात कळलं की पोटात एक जंतू राहतो, वर्षानुवर्षं भाडं न भरता, आणि बऱ्याच जणांना काही जाणवतही नाही. पण पुष्कळ वेळा या रोगाच्या मुळाशी तोच असतो. तो लहानपणीच लागतो, बहुधा घरातल्या घरात. (एका पेल्यातून पाणी प्यायचो आपण तिघं, आठवतं? पितळी, काठाला पोचा आलेला. सगळा दोष त्या पेल्याचा असेल असं नाही, पण मी तो माळ्यावर टाकला आहे.) शिवाय फार खारट खाणं, धूर दिलेलं टिकाऊ मांस, बिडी-सिगरेट, आणि घरात आधी कुणाला झालेला असणं. हे शेवटचं कलम दोन पानांच्या सांध्यावरच होतं. ते मी चार वेळा तपासलं. वाक्य चारही वेळा जुळलं.

मग मी ठरवलं. तुला माझा स्वभाव ठाऊक आहे: एकदा पुस्तकं दाबायच्या शिकंज्याचा दांडा पिरगाळला की मी मागे सोडत नाही. दुसऱ्या दिवशी पोचले तपासणीला. साधी गोष्ट आहे रे, एक पाणी प्यायचं, थोडा वेळ बसायचं, आणि पिशवीत फुंकर मारायची. फुंकरीवरून त्या जंतूचा पत्ता लागतो. मी अशी फुंकले की तिथली बाई दोन पावलं मागे सरकली. निकाल आला, जंतू नाही! मी शेजारच्या शिंप्याला चहा पाजला, दुकानात बसून अख्खी दुपार गाणी म्हटली, आणि तुला पत्र लिहायला बसणार होते की आपल्या घराण्याची पोटं लोखंडाची आहेत.

चार दिवसांनी डॉक्टरीणबाई बांधणीच्या कापडाचा रंग ठरवायला आल्या. मी मोठ्या तोऱ्यात निकाल दाखवला. त्यांनी चष्मा वर ढकलून विचारलं, सध्या अ‍ॅसिडिटीची गोळी घेता का? म्हटलं, घेते की, रोज, आमच्या घरात सगळेच घेतात. त्यांनी कपाळावर हात मारला. त्या गोळ्यांनी म्हणे जंतू दडून बसतो आणि तपासणीला सापडत नाही. दोन आठवडे आधी डॉक्टरांना विचारून गोळ्या थांबवायच्या असतात. हे माझ्या प्रबंधात स्पष्ट लिहिलं आहे, त्या म्हणाल्या, तुम्ही वाचलंत ना? मी म्हटलं, कुठे लिहिलंय? पान अठ्ठ्याऐंशी, त्या म्हणाल्या, मधोमध. मधोमध! दादा, चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला बाबांच्या पद्धतीचा राग आला.

पुन्हा गेले. या वेळी गोळ्या बंद, छातीत जाळ, तोंडात शिव्या. जंतू निघाला. वय आणि बाबांचं ऐकून त्यांनी नळी घालून आतून बघायचं ठरवलं. नळीबद्दल तुझ्या मनात जे काही आहे ते मला ठाऊक आहे, कारण ते माझ्याही मनात होतं. मी तीनदा दारातून परत फिरले. (एकदा तर चप्पल तिथेच सोडून.) चौथ्यांदा आत गेले, झोपेचं औषध दिलं, आणि उठले तेव्हा सगळं आटोपलं होतं, मी मात्र नर्सला पानांच्या दोन फर्म्यांची शिलाई कशी घालतात ते समजावत होते म्हणे. अहवालात लिहिलं होतं: जुनी सूज, आणि एका जागी पेशींची ठेवण बदललेली. कर्करोग नाही. पण त्या वाटेवरचं पाऊल असू शकतं, म्हणून जंतू मारायचा आणि लक्ष ठेवायचं.

तो अहवाल मी दुकानात आणला आणि टेबलावर वाचत बसले, तेवढ्यात शिंपी डोकावला. त्याला कळलं म्हणजे गल्लीला कळलं. मी झटकन कागद समोरच्या, कापड उशिरा आल्याने अजून पडून असलेल्या प्रबंधाच्या गठ्ठ्यात सरकवला. मग शिंपी बसला, त्याच्या सुनेचं पुराण लागलं, ते संपता संपेना, आणि ऐकता ऐकता माझ्या हातांनी आपलं काम केलं. भोकं पाडली, दोरा ओवला, शिवलं, खळ लावली, पुठ्ठा चढवला, शिकंज्यात दाबलं. दुसऱ्या दिवशी पाचही प्रती गेल्या. मी आठ दिवस घरभर अहवाल शोधत होते.

सापडला तो परीक्षकांना. भर तोंडी परीक्षेत, बाहेरून आलेल्या म्हाताऱ्या डॉक्टरांच्या प्रतीत, पान एकशे बारा आणि एकशे तेरा यांच्या मधे. त्यांनी तो ओढून काढायचा प्रयत्न केला, निघाला नाही. (निघेल कसा? शिलाई कुणाची आहे!) त्यांना वाटलं, हा पेशंट डॉक्टरीणबाईंच्या तक्त्यात नाही, मग आला कुठून? डॉक्टरीणबाईंनी खालमानेनं सांगितलं, या माझ्या बाइंडर आहेत. म्हातारे डॉक्टर हसले म्हणतात, आणि मग हसायचे थांबले. त्यांनी अहवाल पुन्हा वाचला, वडिलांचा उल्लेख वाचला, आणि विचारलं, या बाईंच्या भावंडांची तपासणी झाली का? डॉक्टरीणबाईंना साऱ्या परीक्षेत न आलेला तो एकच प्रश्न. त्या उत्तीर्ण झाल्या, पेढ्यांऐवजी तो प्रश्न घेऊन माझ्याकडे आल्या, आणि तेव्हापासून तो माझ्या दुकानात बसून आहे.

मी चौदा दिवस चार चार प्रकारच्या गोळ्या खाल्ल्या, तोंड गंजल्यासारखं झालं, एकही चुकवली नाही. महिन्याने पुन्हा फुंकले. जंतू गेला. आता ठरल्या वेळी नळी घालून बघायचं. आणि डॉक्टरीणबाईंकडून प्रत मागून घेऊन प्रबंध मी पूर्ण वाचला, मधलंसुद्धा. वेळेवर सापडलं तर त्याच नळीतून तेवढाच भाग काढून टाकता येतो, पोट न फाडता. उशिरा सापडलं तरी आता शरीराच्या पहारेकऱ्यांना जागं करणारी औषधं निघाली आहेत, काहींना ती लागू पडतात. पण त्या बाईंनी शेवटच्या प्रकरणात तीन वेळा लिहिलं आहे की सगळ्यात चांगलं म्हणजे लवकर. बाबांच्या वेळी आपल्याला हे कुणी सांगितलं नाही, आणि आपणही विचारलं नाही.

बाकी सर्व क्षेम. तुझ्याकडून काही मागणं नाही, सहज कळवलं.

तुझी धाकटी,
सुई

ता. क. – वहिनींनी मला काहीही कळवलेलं नाही.

ता. क. दुसरा – वरचं खोटं आहे. तुझ्या कमरेच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पडली आहेत, आणि ती तू खिळ्याने पाडलीस. (लाज वाटली पाहिजे, बाइंडरचा मुलगा ना तू?) अर्ध्या ताटावर पोट भरलं म्हणून उठतोस. बाबांचंही असंच भरायचं. त्या वेळी मी त्यांचं उरलेलं ताट मुकाट्याने उचलत होते, दादा. आता उचलणार नाही.

ता. क. तिसरा – पुढच्या मंगळवारी सकाळी दहाला तुझी वेळ घेतली आहे. तुला फुंकर नाही, थेट नळी. वजन उतरतंय म्हटल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक आठवडासुद्धा वाया घालवायचा नाही. सोमवारच्या गाडीचं तिकीट वहिनींकडे आहे आणि त्या तुझ्याबरोबर येत आहेत. दारातून परत फिरायला तीनदा मुभा आहे, मी चौथ्याला दार धरून उभी राहीन.

ता. क. शेवटचा – मी घाबरले आहे. हे मजकुरात लिहायला धजले नाही. माझे सगळे कागद मी एका वहीत शिवून घेतले आहेत आणि पुढे एक कोरी पट्टी सोडली आहे, नंतर कागद चिकटवायला सोडतात तशी. ती तुझी आहे. बाबांची वेळेवर तपासणीच झाली नाही, त्यामुळे त्यांची पट्टी सोडायलाही कागद नव्हता. तुझ्या कागदावर जे असेल ते असो, तो मला चिकटवायचा आहे. पट्टी मोकळी ठेवून मी वही कधी बंद केलेली नाही, आणि या वयात सुरुवात करणार नाही.