पाण्याचा दिवस

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
शनिवार

प्रिय स्वरदा,

तू फोनवर पुन्हा पुन्हा विचारतेस, ‘परतीच्या तिकिटाचं काय?’ आणि मी दर वेळी अण्णांच्या वॉकरची गोष्ट सांगत बसतो. तुझ्या ते लक्षात आलं असणारच. नवरा विषय कधी बदलतो हे बायकोला बरोबर कळतं, कळलं नाही असं फक्त नवऱ्याला वाटतं. म्हणून आज फोन न करता हातानं लिहितोय. पानांचे फोटो काढून पाठवीन. अक्षराला हसू नकोस. कॅलगरीला आल्यापासून वाणसामानाच्या यादीपलीकडे मराठीत काही लिहिलेलं नाही.

आधी हे सांगतो की अण्णा बरे आहेत. खुब्याचे टाके सुकले, वॉकर धरून फाटकापर्यंत जातात. त्यांचा व्हिसा आला तेव्हा मी पेढे आणले, त्यांनी अर्धा खाल्ला. परत येताना त्यांना सोबत आणायचं हे आपलं ठरलेलंच होतं. तू खालची खोली रिकामी केलीस, न्हाणीघरात धरायला दांडे बसवून घेतलेस, मैत्रेयीनं दारावर ‘आजोबा’ असा कागद चिकटवला. त्या दाराचा फोटो ते आल्यागेल्याला दाखवतात. एकदाही नाही म्हणालेले नाहीत. ‘तू म्हणशील तसं,’ एवढंच म्हणतात आणि पंख्याकडे बघत पडून राहतात. काल विचारत होते, तुमच्याकडं पाणी किती दिवसांनी येतं. मी म्हटलं, अण्णा, तुम्ही राहून आलात की, तिथं पाणी जातच नाही. ‘हो की,’ म्हणाले, ‘विसरलो.’

मागच्या उन्हाळ्यातली टाकी तुला आठवत असेल. तू इथं लग्नानंतर जेमतेम दोन महिने राहिलीस, पण पाण्याचा दिवस तू पाहिला आहेस. आठवड्यातून एकदा पाणी येणार, कधी पहाटे, कधी भर दुपारी. कुणीतरी ‘आलं, आलं’ म्हणून ओरडलं की पाईप, मोटर, ड्रम घेऊन सगळी गल्ली बाहेर. त्या दिवशी पाहुण्यांना येऊ नका म्हणून सांगायचं आणि दवाखान्याची वेळसुद्धा पुढं ढकलायची. कॅलगरीत मी शॉवरखाली उभा राहिलो की मला अण्णांचे ड्रम दिसायचे. या वयात म्हातारा पाईप ओढतोय आणि आपण इथं गरम पाण्यात गाणी म्हणतोय. मनाला लागायचं, म्हणून मी अंगणात हौद खोदून घेतला, गच्चीवर ही मोठी टाकी चढवली, पाणी आलं की आपोआप सुरू होणारी मोटर बसवली आणि सगळं माझ्या मोबाईलला जोडून घेतलं. इंजिनिअर ना मी. ‘कशाला एवढं? चाललंय की आमचं,’ अण्णा म्हणाले होते. मला तो त्यांचा भिडस्तपणा वाटला.

ते पडले तो पाण्याचाच दिवस होता. सकाळी मागच्या दारात पाय घसरला आणि उठताच येईना. मोबाईल पुढच्या खोलीत. स्वयंपाकाला येणाऱ्या पारूबाई भाचीच्या लग्नाला पैठणकडे गेलेल्या. अण्णांनी हाका मारल्या, पण बाहेर मोटरींची घरघर. सगळी गल्ली बाहेर होती, स्वरदा. फाटकाबाहेर माणसं पाईप ओढत होती, एकमेकांवर ओरडत होती, हसत होती, आणि अण्णा आत फरशीवर पडून ते सगळं ऐकत होते. दुसऱ्या दिवशी फाटकाला कालचीच दुधाची पिशवी लटकलेली समोरच्या बिल्किसचाचींना दिसली, तेव्हा कुठं दार फोडलं.

हे तुला माहीत आहे. जे मी कुणाशीच बोललेलो नाही ते आता लिहितो. त्या दिवशी माझ्या मोबाईलवर हिरवी खूण आली होती, ‘टाकी पूर्ण भरली’. आपण रात्रीचं जेवत होतो. मी तुला ती दाखवली आणि म्हणालो, बघ, अण्णांना बोटसुद्धा हलवावं लागलं नाही. तू ‘छान’ म्हणालीस आणि मला भात वाढलास. तो घास मला अजून गिळवत नाही. तुझा त्यात काही दोष नाही. पण मी इतका खूश होतो त्या रात्री!

इथं आलो तेव्हा वाटलं होतं, समोरचे गयासचाचा मला चार शब्द सुनावतील. त्यांचा तो हक्क आहे, माझ्या पहिल्या सायकलचं पंक्चर त्यांनीच काढलेलं. ते आले, अण्णांच्या पायाशी बसले आणि उलट माझीच माफी मागू लागले. ‘बेटा, गलती हमारी है. पहले पानी आया और भाऊसाब बाहर नै दिखे तो मैं खुद जाके दरवाजा ठोकता था. टंकी हुई, तबसे वो बाहर आनाच छोड़ दिए. हम भी समझे, अब उनको क्या जरूरत.’ डोळे पुसत होते ते. मी त्यांना चहा करून दिला. दुसरं काय करणार होतो?

आणि अण्णांनी बाहेर येणं का सोडलं, ते पारूबाईंनी भाकरी थापता थापता सांगितलं. आपलं घर गल्लीच्या उताराला, पाणी आधी आपल्याकडे भरतं. पूर्वी वरच्या घरांची धार बारीक झाली की अण्णा आपली मोटर बंद करायचे, सगळ्यांचं झालं की पुन्हा लावायचे. जिल्हा परिषदेत आयुष्यभर लोकांच्या रांगा लावलेला माणूस, गल्लीतही कुणाचं आधी, कुणाचं नंतर हे तेच ठरवायचे, आणि त्यांचं सगळे ऐकायचे. आता माझी ती शहाणी मोटर भलामोठा हौद भरेपर्यंत थांबायची नाही. ती बंद कशी करायची हे मी त्यांना शिकवलंच नव्हतं, ते माझ्या मोबाईलवर होतं. ‘साहेबाला लई लाज वाटायची,’ पारूबाई म्हणाल्या. ‘वरच्या कचरूभाऊचे ड्रम कोरडे अन् आपली टाकी वाहती. कोणत्या तोंडानं बाहेर जावं म्हणायचे. म्या म्हणलं, पोराला सांगा. तर म्हणले, त्यानं हौसेनं बसवलंय, नाय सांगायचं.’ करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तो असा. आणि अजूनही कुणी भेटायला आलं की अण्णा टाकीकडे बोट दाखवतात. ‘चिन्मयनं बसवली. तिकडून बटण दाबतो, बघा.’ मी तेवढ्यात आत निघून जातो.

तिकडच्या जगण्याला मी नावं ठेवत नाही. ठेवली तर तूच मला आठवण करून देशील की बर्फात गाडी रुतली तेव्हा कुणी अनोळखी माणूस फावडं घेऊन आला होता आणि नाव न सांगता निघून गेला. तिथं माणसं मदत करून निघून जातात. इथं मदत करतात आणि मग जन्मभर सल्ले देतात. कचरूभाऊंनी मला कालच विचारलं, पगार किती, घराचा हप्ता किती, आणि दुसरं मूल का नाही. रस्त्यावर धूळ, हॉर्न, पलीकडच्या मंगल कार्यालयातला डीजे. दोन दिवस झाले की मला तिथल्या शांततेची भूक लागते, हे खोटं कशाला सांगू. पण कुणाची गरज पडू नये, यालाच आपण सुख म्हणत आलो. आपल्या दोघांना ते मानवतंही. तेच मी पार्सल करून गारखेड्याला पाठवलं, ज्याला नको होतं त्याच्या अंगणात.

अण्णा आपल्याकडे राहून गेले तो उन्हाळा मला हल्ली वेगळाच दिसतो. ते रोज खिडकीत बसायचे. आपण म्हणायचो, अण्णांना निसर्ग आवडतो. ते कुणी चालत जाताना दिसतंय का ते बघत असायचे. एकदा मला म्हणाले होते, ‘सगळं झकास आहे रे, पण उठून कुणाकडं जायचं?’ मी त्यांना ग्रंथालयाचं कार्ड काढून दिलं.

आणि तू? परीक्षा देऊन देऊन तू तिथं पुन्हा औषधतज्ज्ञ झालीस. मैत्रेयी झोपली की ओट्यापाशी उभ्यानं वाचायचीस, बसलं तर डोळा लागेल म्हणून. आत्ता कुठं कोटावर नाव लावून स्वतःच्या काउंटरला उभी राहिलीस. त्या दिवशी घरी येऊन तू नुसती हसत होतीस. मैत्रेयीला मराठी येतं, पण स्वप्नं ती इंग्रजीत बघते. तुम्हा दोघींचं जग तिथं आहे. एकाला उपटून तिथं लावावं की दोघींना उपटून इथं, हा हिशेब मला रोज मांडावा लागतो आणि रोज तो कुणाच्या तरी अंगावर जातो.

परवा पाणी आलं. मी मोबाईलवरची मोटर कायमची बंद केली आणि जुना हिरवा पाईप घेऊन बाहेर गेलो. तो जोडता येईना. पहिल्यांदा भिजलो मी, मग गयासचाचा, मग सगळे हसायला लागले. हसण्याचा आवाज ऐकून अण्णा वॉकर घेऊन फाटकाशी आले. बिल्किसचाचींनी खुर्ची आणून दिली. थोड्या वेळानं अण्णा खुर्चीतून ओरडले, ‘चिन्मय, नळ बंद कर. वरच्यांचं होऊ दे आधी.’ तो आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. आमच्या घरचा जुना आवाज होता तो. कचरूभाऊंनी वरून हात केला, ‘आलं हो भाऊसाहेब, धार आली!’ आणि अण्णांनी अशी मान हलवली, जणू नदीच त्यांनी सोडली.

तेवढ्यात कचरूभाऊंनी विचारलं, मग भाऊसाहेबांना घेऊन निघणार कधी? अण्णा माझ्याकडे बघायला लागले. चेहऱ्यावरचं सगळं एका क्षणात पुसलं गेलं. माझ्या तोंडून निघून गेलं, आम्ही नाही जाणार, इथंच राहणार. स्वरदा आणि मैत्रेयीपण येतायत. अण्णांनी विचारलं, ‘सूनबाई काय म्हणते?’ मी म्हणालो, तिचाच आग्रह आहे. सगळ्या गल्लीसमोर अण्णा रडले, स्वरदा. आई गेली तेव्हाही रडले नव्हते. मला ते थांबवता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर थांबवायचं नव्हतं. तेव्हापासून ते तुला फोन लावायला बघतायत. परवापासून मी त्यांना काही ना काही सांगून अडवलंय, तू ड्यूटीवर आहेस, झोपली असशील. उद्या रविवार, आता माझ्याकडे कारण नाही. ते तुझे आभार मानणार आहेत, पोरी, तू माझी मुलगी आहेस, असं काहीतरी म्हणणार आहेत. त्याआधी तुला हे कळायला हवं, म्हणून हे पत्र. तुला न विचारता मी तुझ्या नावानं होकार देऊन बसलोय. तू त्यांना काय सांगायचं ते तूच ठरव. खरं सांगितलंस तरी मी तुझ्याच बाजूनं उभा राहीन, एवढं आता तरी विश्वासानं घे. फोन वाजेल तेव्हा मी त्यांच्याजवळच बसलेला असेन.

तुझाच, तुला तोंड दाखवायला घाबरणारा,
चिन्मय