दहा अंशांचं पाणी

२ मार्च, रविवार

आजपासून रोजनिशी. सेफ्टी ऑफिसरने घरच्याही नोंदी ठेवायला हव्यात. बिस्किटांच्या कारखान्यात माझ्या नोंदींमुळे अकरा वर्षांत एकाचंही बोट गेलेलं नाही. एकाचं अर्धं गेलं, पण तो तेव्हा सुट्टीवर होता.

दुपारी पश्चिम किनाऱ्यावरच्या मेयोहून सासूबाईंचा फोन. वय चौऱ्याहत्तर. मे महिन्यात खुब्याचं ऑपरेशन ठरलंय, त्यानंतर निदान सहा महिने समुद्र बंद. म्हणून ईस्टरच्या सोमवारी आम्ही सगळ्यांनी त्यांच्याबरोबर पाण्यात उतरायचं. सगळ्यांनी म्हणजे बायको नोरीन, मुलगी क्लोडा आणि मी. नोरीन हो म्हणून मोकळी झाली. मला विचारलं नाही. विचारण्यासारखं काही नव्हतंच, कारण मी पट्टीचा पोहणारा आहे हे तिला लग्नाआधीपासून माहीत आहे. मीच सांगितलं होतं.

प्लॅनिंग मी माझ्याकडे घेतलं. एप्रिलमध्ये तिथलं पाणी दहा अंश असतं. आमच्या फ्रिजमधलं दूध चार. म्हणजे समुद्र दुधापेक्षा चांगला सहा अंशांनी गरम.

३ मार्च, सकाळी ७

उठल्यापासून छातीत धडधड. कॉफी कमी करायची.

९ मार्च, रविवार

आठवडाभर खपून समुद्राच्या धोक्यांची यादी केली. एकूण चौतीस. आत ओढणारा प्रवाह, जेलीफिश, निसरडे खडक, पायात गोळा, कुत्री. जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचली. क्लोडा दहा वर्षांची आहे, पण फार लक्ष देऊन ऐकत होती. अकराव्या क्रमांकाला तिने काटा खाली ठेवला. नोरीन म्हणाली की तिच्या आईने पन्नास वर्षं त्याच पाण्यात काढली आहेत आणि तिला कधी यादी लागली नाही, आता बटाटे खा. मी शांतपणे म्हणालो की पन्नास वर्षं काही झालं नाही म्हणजे आता व्हायची शक्यता वाढली. नोरीनने बटाट्यांचं भांडं माझ्यापुढे सरकवलं. पटलं असावं.

क्लोडाने यादीची एक प्रत मागितली. दिली. मुलीला शिस्तीची आवड आहे.

१५ मार्च, शनिवार

थंड पाण्याचा सराव सुरू. नोरीन आणि क्लोडा दुकानात गेल्यावर टबमध्ये गार पाणी भरलं. बर्फ कमी पडला म्हणून फ्रीझरमधली मटारची दोन पाकिटं टाकली. थर्मामीटर: अकरा अंश. शांतपणे आत बसलो. पाणी कमरेपर्यंत आलं तेव्हा श्वास आत गेला तो बाहेर येईना. तोंडातून कसलासा आवाज आला. शेजारच्या बाईंनी भिंतीवर ठोकून सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं.

वेळ: घड्याळाप्रमाणे चाळीस सेकंद. पण टबात शिरायला लागलेला वेळ धरला पाहिजे. साधारण तीन मिनिटं.

एक पाकीट फुटलं. रात्री जेवणात मटार.

२२ मार्च, शनिवार

गावच्या तरणतलावाला भेट. हेतू: पाहणी. अर्ध्या तासाची वेळ घेतली होती. त्यातली पंचवीस मिनिटं कपडे बदलायच्या खोलीत गेली, कारण लॉकरची कडी सदोष होती आणि मला लेखी तक्रार करायची होती. तलावात म्हाताऱ्या बायकांचा पाण्यातला व्यायाम चालू होता. मी उथळ बाजूच्या शिडीवर उभा राहिलो. पाणी गुडघ्यापर्यंत. गाणं लागलं तशा बायका उड्या मारायला लागल्या आणि पाणी वर आलं. शिडीचा दांडा मी धरला, तो केवळ त्याची मजबुती तपासायला. एक आजीबाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, ‘बाळा, पहिल्यांदा सगळ्यांचंच असं होतं.’ त्यांचा काहीतरी गैरसमज झाला.

दांडा मजबूत आहे. त्यावरून बोटं सुटायला वेळ लागला.

३० मार्च, रविवार

क्लोडाला शाळेत ‘आमच्या घरातलं धाडस’ या विषयावर बोलायचंय. तिने माझीच गोष्ट निवडली. मी नऊ वर्षांचा असताना टलमोरच्या कालव्यात पडलेल्या माझ्या थोरल्या भावाला, एन्डाला, मी बाहेर ओढलं, ती. ही गोष्ट मी तिला ती चार वर्षांची असल्यापासून सांगत आलो आहे. पण बाईंनी दुसऱ्या बाजूचंही विचारून या म्हणून सांगितलं. एन्डा ऑस्ट्रेलियात पर्थला असतो. तो इतक्या लांब आहे हे मला नेहमीच सोयीचं वाटलं होतं. नोरीनने त्याला फोन लावला, स्पीकरवर.

मी सिंकमध्ये धुतलेल्याच बशा पुन्हा धुवायला घेतल्या.

क्लोडाने विचारलं की काका, तुला डॅडीने पाण्यातून कसं काढलं. मग एन्डा म्हणाला, ‘केसांना धरून, बेटा. फार घट्ट धरलं होतं त्याने. सोडलंच नाही.’

मग इतर गप्पा मारून त्याने फोन ठेवला.

प्रत्यक्षात क्रम थोडा वेगळा होता. पडलो मी होतो. केस माझे होते. पण दोन भाऊ कालव्यावर गेले आणि दोघे घरी आले, मुद्दा तो आहे. तपशील काळाच्या ओघात इकडेतिकडे होतात. एन्डाचेही झालेले दिसतात. दुपारी त्याला ‘थँक यू’ असा मेसेज लिहिला आणि पाठवला नाही.

पोटात ढवळतंय. हॅम शिळा असावा.

५ एप्रिल, शनिवार

वेटसूट आणला. काळा, जाड, अंगाला चिकटणारा. पाठीवर चेन आणि चेनला लांब दोरी, आपली आपल्याला ओढता यावी म्हणून. घालायला पंचवीस मिनिटं. गळ्याशी फार आवळतो. आरशात माणूस रुबाबदार दिसतो, फक्त चेहरा पांढरा पडतो. रंगाचा दोष. काळ्यावर कोणीही पांढराच दिसेल.

नोरीनला पर्याय सुचवला: ईस्टरला हॉटेल, आत गरम तलाव, आईंनाही खुब्याला बरं. ती म्हणाली की आईला समुद्र हवाय, गरम पाणी तिच्या नळाला आहे. मग माझ्याकडे बघून विचारलं, तुला काही सांगायचंय का. मी म्हणालो, वाऱ्याची दिशा अजून नक्की नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

आनंदाची बातमी. क्लोडा आता यादीप्रमाणे वागते. गळ्यात शिट्टी असते. अंघोळीआधी टबमधलं पाणी हात घालून बघते. माझी मेहनत फळाला आली.

संध्याकाळी ६

सकाळची नोंद थोडी सुधारावी लागेल. शाळेतून बाईंचा फोन होता. क्लोडा गेले तीन आठवडे पोहण्याच्या तासाला पाण्यात उतरलेली नाही. काठावर बसते आणि बाकीच्यांची डोकी मोजते. ही मुलगी मागच्या वर्षी पोहण्यात वर्गात दुसरी आली होती.

नोरीनने गाडीत बसवून, खिडक्या बंद करून मला सांगितलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. ‘मॅलकी, तुझं जे काय आहे ते तुझ्यापाशी ठेव. तिच्या गळ्यात बांधू नकोस.’

मी म्हणालो की शिट्टी तिने स्वतःच मागितली होती.

नंतर बराच वेळ गाडीत एकटा बसलो. खिडक्या उघडायचं सुचलं नाही.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

मेयोला पोचलो. तीन तासांच्या वाटेला पाच तास. मी सुरक्षिततेसाठी चार वेळा थांबलो. सासूबाईंचं घर किनाऱ्याच्या अगदी वर, स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळा समुद्र दिसतो. खिडकीला पडदा नाही. मी तिच्याकडे पाठ करून बसलो.

सासूबाई काठी घेऊन चालतात, पण आज सकाळीही जाऊन आल्या होत्या, केस ओलेच. मासे आणि बटाटे वाढताना मला म्हणाल्या की सोमवारी भरती बाराच्या सुमाराला, उगाच पोटभर नाश्ता करू नकोस. मग क्लोडाकडे बघून म्हणाल्या, ‘या पोरीचा रंग का उडालाय?’

मी म्हणालो, प्रवास.

२० एप्रिल, ईस्टर, दुपारी

चर्च, कोकराचं मटण, चॉकलेटची अंडी. क्लोडाने अंडं फोडलं नाही. मला कोपऱ्यात घेऊन विचारलं की लाट डोक्यावरून गेली तर किती वेळात माणूस मरतो. तिला मी नेहमीच खरे आकडे देत आलो आहे. आज आकडा आठवला नाही. खरं तर आठवला होता.

ठराव: उद्या सकाळी ताप यायला हवा.

२१ एप्रिल, सोमवार, दुपारी ३.३०

ताप: ३६.६. थर्मामीटर दोनदा बदलला.

जसं झालं तसंच लिहितो.

पावणेबाराला सगळे खाली. ऊन होतं, वारा बोचरा. सासूबाईंनी काठी वाळूत रोवली, नोरीनचा दंड धरला आणि दोघी गप्पा मारत सरळ आत गेल्या, जशा दुकानात जातात. कमरेएवढ्या पाण्यात पोचल्यावर म्हातारीने एक सुस्कारा टाकला आणि आडवी झाली. पाण्यात तिचा खुबा दुखत नाही. इतका वेळ चालताना तिचा चेहरा किती आवळलेला असतो ते मला तेव्हा दिसलं, तो सैल झाला म्हणून.

क्लोडा ओल्या वाळूच्या कडेला थांबली. वेटसूटच्या बाहीतून यादीची घडी काढली. ओठ निळे पडले होते, अजून एक थेंब लागला नव्हता तरी. म्हणाली, ‘डॅडी, तूच सांग ना आजीला की नको. तू सांगितलंस तर तिला वाईट नाही वाटणार. तुला सगळं माहीत असतं.’

हेच वाक्य मी सात आठवडे घडवत होतो. नीट, सभ्य, आकड्यांसकट. तोंडापर्यंत आलं होतं. ती माझ्याकडे बघत होती. मुलांनी आपल्याकडे असं बघावं म्हणून मी काय काय सांगत आलो, आणि आता ती बघत होती तर मला तिथून पळावंसं वाटलं.

म्हणालो, ‘मी आधी जाऊन बघतो.’

का म्हणालो ते ठाऊक नाही.

घोट्यापर्यंत: दुखलं. गुडघ्यापर्यंत: पाय आपले वाटेनात. मांड्यांपर्यंत गेलो आणि मागे वळून तिला हात केला. लाटेकडे पाठ करू नये, क्रमांक चार, मीच लिहिलंय. लाट मोठी नव्हती. पाठीत बसली आणि पाय सुटले.

आत सगळं हिरवं. वर कुठे, खाली कुठे काही कळेना. ओरडायला तोंड उघडलं, ते पाण्याने भरलं. मी नऊ वर्षांचा होतो. मी मरतोय हे अगदी स्पष्ट कळलं आणि त्यात कसलंही धाडस नव्हतं, फक्त आई आठवली.

मग पाठीमागून जोराचा हिसका. कोणीतरी चेनची दोरी धरून ओढत होतं. डोकं बाहेर आलं. क्लोडा ओरडत होती, ‘डॅडी, पाय टेक. पाय टेक. इथे उभं राहता येतं.’

पाय टेकले. पाणी माझ्या कमरेच्याही खाली होतं.

तिच्या मात्र छातीपर्यंत. दोन्ही हातांनी दोरी धरून ती उभी होती. पुढची लाट आली तेव्हा क्लोडा लाटेसोबत वर गेली, खाली आली आणि दोरी सोडली नाही. मला खोकल्याची उबळ आली. खोकला थांबेपर्यंत ती माझ्या पाठीवर थापटत राहिली. मग तिने आजूबाजूला बघितलं, आपण कुठे आहोत ते तिला आत्ता दिसलं असावं. म्हणाली, ‘फार थंड आहे.’ आणि जराशाने, ‘तू किनाऱ्यावर जा. मी आजीकडे जाऊन येते.’

गेली. पोहत.

मी चार पायांवर बाहेर आलो. यादी वाळूत पडली होती ती एका कुत्र्याने नेली.

घरी आल्यावर सासूबाईंनी माझ्या खांद्यावर शाल टाकली आणि चहात तीन चमचे साखर घातली. जेवताना क्लोडा म्हणाली की डॅडीला लाटेने पाडलं, मग मी गेले. तिने सांगितलं ते एवढंच. मी त्यात भर घातली नाही. भर घालायला काही सापडतंय का ते पाहिलं होतं.

२२ एप्रिल, मंगळवार, सकाळी ११.४०

तिघी पुन्हा गेल्या. मला चल म्हणून कोणी म्हणालं नाही. नोरीनने दारातून एवढंच सांगितलं की पावणेबाराला किटली ठेव, आम्ही गारठून येऊ. मी म्हणालो, ठेवतो. मग म्हणालो, नोरीन, मला पोहता येत नाही. ती बूट चढवत होती. म्हणाली, ‘काल दिसलं सगळ्यांना.’ क्लोडाने माझा टॉवेल मागितला, तिचा ओला होता. दिला.

आता खिडकीशी उभा आहे. वही खिडकीच्या फळीवर.

भीती वाटते आहे. कॉफी घेतलेली नाही, हॅम खाल्लेला नाही, गळ्याशी काही आवळत नाही.

पाण्यात तीन डोकी आहेत. एक पांढरं, ते म्हातारीचं. एक नोरीनचं. एक लहान.

लाट आली. दोन.

दोनच.

तीन.

किटली ठेवायला गॅसपर्यंत जावं लागेल. तिथून समुद्र दिसत नाही. सहा पावलं जायला, सहा यायला.

तीन आहेत.

जातो.