मागच्या चाकाची हवा

बाबा, त्या चाकावरून तुमच्याशी भांडायचं राहूनच गेलं. तेव्हा तुमच्यापुढे माझी ब्र काढायची हिंमत नव्हती. आता तुम्ही उठून जाऊ शकत नाही, म्हणून ऐका.

बाहत्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. तुम्ही शेजारच्या गावी मास्तर, आणि आपल्या बौद्धवाड्यातली पहिली फटफटी तुमची, रिसोडहून जुनी घेतलेली. सडकेला लागायचं तर गावातला पार ओलांडावाच लागे. पहिल्याच आठवड्यात पारावरच्या एका म्हाताऱ्यानं तुम्हाला थांबवलं. "गुर्जी, इथून गाडी ढकलत नेत जा. आमी इथं बसलेले असतो." आवाज अगदी मऊ. तुम्ही हसलात आणि गाडीवर बसूनच पुढे गेलात. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतल्यापासून वाकणं तुम्हाला जमेनासंच झालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी मागचं चाक बसलेलं. पूर्ण नाही, अर्धंच. तुम्ही टूब काढता, हवा भरता, घमेल्यातल्या पाण्यात बुडवून हळूहळू फिरवता. मी मॅट्रिक होऊन घरी बसलेली, शेजारी उभी राहून बुडबुड्याची वाट पाहते. बुडबुडा येत नाही. व्हॉल्व्हवर थुंकी लावता, तिथंही काही नाही. "बारीक भोक असन, सापडून नाई राह्यलं," तुम्ही म्हणता. माय चुलीपुढून म्हणते, "भोक कायचं? कोनीतरी हवा काढून राह्यलं." तुम्ही ऐकलं न ऐकलं करून पंप मारता. पारावर कुणी विचारलं तरी तुमचं उत्तर तेच, बारीक भोक आहे. कोणाचं नाव घ्यायचं नाही आणि भ्यालो असं दिसू द्यायचं नाही, एवढाच तुमचा हट्ट.

एका संध्याकाळी मी आणि मायनं गाडी उंबऱ्यावरून आत ओढली. सकाळी चाक भरलेलंच. मला वाटलं, आता तरी मानतील. तुम्ही चिडलात. "गाडी घरात कायले आनली? भेलो म्हून गावाले सांगाचं आहे का?" मी म्हटलं, पण बाबा, हवा गेली नाही. "हवा भरता येते," तुम्ही म्हणालात आणि गाडी परत अंगणात लावली. पुढे रोज तेच. एकदा तुमच्या मागे बसून मी रिसोडच्या बाजाराला गेले, तर पारावरचं बोलणं एकदम बंद पडलं. सगळ्यांनी नुसतं पाहिलं. मला घरी परत येऊच नये असं वाटलं.

मग एक दिवस, गाडी अंगणातच असून, सकाळी चाक टणक. तुम्ही खूश. "पाह्य, थकले लेकाचे." मायनं येऊन चाक अंगठ्यानं दाबलं आणि ती म्हणाली, "आज नोका जाऊ. रोज काढत होते, आज काहून नाई काढली?" तुम्ही म्हणालात, "तू हवा गेली तरी रडतं, राह्यली तरी रडतं." आणि गेलात. पारापासून सडकेपर्यंत तुमच्या फटफटीचा आवाज आम्ही दोघी ऐकत राहिलो.

सांजेला तुम्हाला बैलगाडीत घालून आणलं. शाळेतून येताना नाल्याच्या पुलाखाली सापडलात म्हणे. मागच्या बैलगाडीत फटफटी होती. बरोबर पारावरचा तो म्हातारा आला होता. "चाकाची हवा गेली न गाडी घसरली," त्यानं तशाच मऊ आवाजात सांगितलं. "बारीक भोक होतं. गुर्जी सोताच सांगत होते, अख्ख्या गावाले ठाऊक आहे." सगळ्यांनी माना हलवल्या. मी जाऊन चाक दाबलं. सकाळी होतं तसंच टणक. मी बोलणार तोच मायनं माझ्या तोंडावर हात ठेवला. तेराव्याची वगैरे आपल्यात भानगड नव्हती. आम्ही लगेच अकोल्याला मामाकडे निघून गेलो.

माझा राग त्यांच्यावर आहेच, बाबा, पण तुमच्यावरही आहे. त्यांना सांगायला गोष्ट तुम्हीच शिकवलीत.

परवा तुमच्या नातवानं गाडी घेतली. हे पत्र मी त्याच्या हाती पडू देणार नाही. आजोबा कसे गेले, असं त्यानं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "चाकाची हवा गेली होती रे, बाबू."