खडूच्या खुणांची बाटली

ती. ताईस शिरसाष्टांग नमस्कार (हा मनातल्या मनात समजावा, इथली फरशी सध्या कपाळ टेकण्याजोगी राहिलेली नाही). तुझी तब्येत बरी असेल, भावजींचा खोकला गेला असेल. तळमजल्यावर राहणाऱ्यांचं सगळं बरंच असतं.

इथे आम्ही बापलेक पत्र्याखाली शिजतो आहोत. त्यात थंडीचा माल आत्ताच तयार हवा म्हणून दुकानदाराने काम दिलंय ते लोकरी कोटांचं, अस्तरासकट. सूर्य डोक्यावर, कोट मांडीवर आणि शेजारी वाफेची इस्त्री. पण माझं सोड, मला भीती वाटते ती अण्णांची. गेल्या आठवड्यात समोरच्या इमारतीचा रंगारी, चाळिशीचा धडधाकट माणूस, भर उन्हात शिडीवरून उतरला, जरा बसतो म्हणाला आणि उठलाच नाही. तेव्हापासून अण्णा दुपारी डोळे मिटून पडले की मी मशीन थांबवून त्यांची छाती हलते का बघतो. (ते एक डोळा उघडून म्हणतात, "आहे अजून. तू टीप घाल.")

रेडिओवर सांगतात, तहान लागायची वाट बघू नका, थोडं थोडं पाणी पीत राहा. म्हणून मी त्यांच्या बाटलीवर आपल्या खडूने इंचाइंचावर खुणा केल्या. तासाला एक इंच. आठ दिवस पाणी इतकं बिनचूक उतरत होतं की मी स्वतःवरच खूश होतो. तेव्हाच शंका यायला हवी होती. चाळीस वर्षं खडूच्या रेघेबाहेर कात्री न गेलेला शिंपी तो, पण तहान काही टेप लावून लागत नाही. माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो खिडकीतली कुंडी बघून. गल्लीतली झाडं करपली होती आणि आमच्या कुंडीला तीन नवी पानं फुटली होती.

मी आवाज चढवला. अण्णा बराच वेळ सुईत दोरा ओवत बसले (दोरा आधीच ओवलेला होता). मग म्हणाले, "पाणी प्यायलं की खाली जावं लागतं. गुडघा जिना उतरू देत नाही. दर खेपेला तू मशीन सोडून मला धरणार, मग कोट कधी व्हायचे?" आमचा संडास एक मजला खाली, हे तुला ठाऊकच आहे.

आणि परवा दुपारी ज्याची धास्ती होती तेच झालं. अण्णांना भोवळ आली आणि ते कोटांच्या ढिगावर पडले. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी आटलंय, अजून तासभर गेला असता तर कठीण होतं. माझे हात अजून कापतात, ते अक्षरावरून दिसतच असेल.

बाकी काळजीचं काही नाही. भावजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता.क. काळजीचं आहे. उन्हाळाभर अण्णांना तुझ्याकडे घेऊन जा. तुझ्याकडे संडास खोलीला लागून आहे. मला येता येणार नाही, एकवीस कोट राहिलेत.

आणखी ता.क. बाळ, याने पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. कुंडीचं खरं आहे, भोवळीचं नाही. पडला तो हा. माझ्या बाटलीवर नजर ठेवण्याच्या नादात याने स्वतः सकाळपासून घोटभर पाणी घेतलं नव्हतं. डॉक्टरांना मी आणलं, एकटा जिना उतरून. गुडघ्याला विचारलंच नाही. तर तू ये आणि दोघांना ने. मी एकटा निघणार नाही, कोट गेले उडत. तोवर याच्या बाटलीवर मी खुणा केल्या आहेत, आणि कुंडी खिडकीतून काढून माझ्या उशाशी ठेवली आहे.